निळ्या कागदाचं इरलं

झुंबरबाई बहिऱ्या नाहीत. वय बासष्ट-त्रेसष्ट असेल, पण खालच्या आळीत दोन बाया पाण्यावरून भांडायला लागल्या तर वर ओट्यावर बसून त्या सांगतात, चूक कुणाची. हे मी सगळ्यात आधी सांगते, कारण गेल्या वर्षी जुन्नरच्या वारसा महोत्सवात चार-पाचशे माणसांसमोर माइकवरून सांगितलं गेलं, की आजींना जरा कमी ऐकू येतं. सांगणारे माझे सख्खे चुलते होते. आणि मी त्यांच्यापासून चार पावलांवर उभी होते.

मी हर्षाली. माहेर राजुरीचं. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, जिथे एसटी आली तर आली, अशा एका वाडीतल्या शाळेवर मी आठ वर्षं शिकवते. माझे चुलते रखमाजी आबा, टोमॅटो आणि द्राक्षांचे मोठे बागायतदार. पाच वर्षांपूर्वी त्यांनीच चार मित्र जमवून हा महोत्सव सुरू केला. दसरा झाला की पुढच्या शनिवार-रविवारी, जुन्नरच्या मैदानावर. आबा वाईट माणूस नाही. आपल्या तालुक्यात एवढं सगळं असताना लोक नुसते किल्ला बघून परत जातात, याचं त्यांना खरंच वाईट वाटायचं. पहिल्या वर्षी तर त्यांनी घरची बैलगाडी आणून पाहुण्यांना स्वतः मैदानाची चक्कर मारली होती.

गेल्या वर्षी विषय होता हस्तकलेचा. गणपतीत मी राजुरीला गेले, तेव्हा आबा म्हणाले, "हर्षे, तू एवढी डोंगरात नोकरी करती. तिकडचं कायतरी आण की. मातीचं झालं, घोंगडीचं झालं. नवीन पायजे."

माझ्या डोळ्यांसमोर लगेच झुंबरबाईंचा ओटा आला.

झुंबरबाई आणि त्यांचे मालक चिमाजी इरली करतात. भात लावताना बाई वाकलेली असते, दोन्ही हात चिखलात असतात, वरून पाऊस धो धो. छत्री धरणार कोण? तेव्हा डोक्यापासून कमरेपर्यंत पाठ झाकणारं, कासवाच्या पाठीसारखं हे बांबूचं कवच चढवायचं. चिमाजी बांबू फोडून कामट्या काढतात, झुंबरबाई विणतात. दोन जाळ्या विणायच्या, मध्ये पळसाची पानं अंथरायची, आणि कडा एकमेकींत गुंफून टाकायच्या. अख्ख्या इरल्यात खिळा नसतो की तार नसते.

पानांचा एक त्रास होता. आषाढात ती टिकायची आणि श्रावणात कुजायला लागायची. दरवर्षी इरलं उसवा, पानं बदला. वीसेक वर्षांपूर्वी चिमाजींनी खताच्या गोणीतला आतला प्लॅस्टिकचा कागद पानांच्या दोन थरांमध्ये घालून बघितला. पहिल्या वर्षी पाणी कडेनं आत आलं. दुसऱ्या वर्षी झुंबरबाईंनी कागदाची कड पानाखाली उलटी दुमडून कामटीत अडकवली आणि पाणी थांबलं. तेव्हापासून त्या घोडेगावच्या बाजारातून निळा कागद आणतात, आणि त्यांचं इरलं तीन-तीन पावसाळे चालतं. आमच्या वाडीत आणि वरच्या दोन वाड्यांत बहुतेक बायांच्या पाठीवर यांचंच इरलं असतं. माझ्या वर्गातली पोरंसुद्धा लांबून सांगतात, "बाई, ती निळ्या कडेची पाठ माझ्या आईची."

मी विचारायला गेले, तेव्हा त्यांनी आधी नाहीच म्हटलं.

"बाई, दसरा झाला की भात पिवळं पडतंय. लगीच कापाया लागंल. आन जुन्नरात मी काय करू?"

"लोक येतील, बघतील, मावशी."

"बघून काय करायचं? घालायचं आसंल तर सांग."

"घालून बघतील की. तुम्ही सांगाल तसं करू."

चिमाजी कोपऱ्यात कामट्या तासत बसले होते. ते म्हणाले, "जा गं. दोन दिस भात काय पळून जात न्हाई. मी राखतो."

शेवटी त्या तयार झाल्या, पण एका अटीवर. इरली नवी करीन, सहा करीन, आणि येईल त्याला अंगावर घालून बघू द्यायची. नुसती टांगून ठेवायची नाहीत. मी म्हटलं, दिला शब्द. तो शब्द मी किती सहज दिला, ते आता आठवलं की माझा मलाच राग येतो.

शनिवारी सकाळी सातच्या एसटीची आम्ही साडेआठपर्यंत वाट पाहिली. ती आलीच नाही. मग एक जीप थांबवली, टपावर सहा इरली बांधली, आणि झुंबरबाई, त्यांची सून रत्ना आणि मी अशा जुन्नरला पोचलो. मैदानाच्या दारात थर्माकोलचा बुरूज उभा केला होता. आत चुलीवरची भाकरी होती, मर्दानी खेळ होते, फेटा बांधून फोटो काढायची सोय होती. झुंबरबाई सगळं नीट बघत चालल्या होत्या. एका ठिकाणी बुरूड बाई सूप विणत बसली होती, तिथे त्या उकिडव्या बसल्या, सुपाची कड बोटांनी चाचपली आणि म्हणाल्या, "हात चांगला हाय तुजा." त्या वेळी त्या खुश होत्या. मीही होते.

आमच्या जागेवर निवड समितीच्या वृषाली मॅडम आल्या. त्या पुण्याहून खास आल्या होत्या, हस्तकलेवर त्यांचा अभ्यास आहे असं आबांनी सांगितलं होतं. बोलणं अगदी गोड. त्यांनी एक इरलं उचललं, उन्हाकडे धरलं. "काय सुंदर वीण आहे!" त्या म्हणाल्या, आणि ते मनापासून होतं. मग त्यांना कागद दिसला.

"हे निळं काय आहे?"

"कागद," झुंबरबाई म्हणाल्या.

"म्हणजे प्लॅस्टिक?"

"व्हय."

मॅडमनी इरलं खाली ठेवलं. बाकीची पाच बघितली. "सगळ्यांत आहे?"

"समद्यांत. न्हाईतर टिकत न्हाई."

"आजी, मूळ इरल्यात हे नसतं."

"मूळ म्हंजी?"

"म्हणजे पूर्वी. पूर्वी कसं करायचे?"

"पूर्वी गळायचं," झुंबरबाई म्हणाल्या.

मला हसू आलं. मॅडमना आलं नाही. त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "हा वारसा महोत्सव आहे. नियमावलीत स्पष्ट लिहिलंय, नैसर्गिक साहित्य आणि पारंपरिक पद्धत. प्लॅस्टिक दाखवलं तर उद्या आम्हालाच लोक हसतील. तुम्ही आधी बघायला हवं होतं."

मी सांगायचा प्रयत्न केला, की ही पद्धत त्यांचीच आहे, याच माणसांनी याच कामात शोधलेली आहे. मॅडम मान हलवत राहिल्या, जशी आपण वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्या पोराला पूर्ण बोलू देतो. तेवढ्यात आबा आले. त्यांना घाई होती, उद्घाटनाचे पाहुणे नारायणगावपर्यंत आले होते. "मग काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"सजावटीसाठी एक इरलं केलंय ना? ते इथे लावा," मॅडम म्हणाल्या. "आजी शेजारी बसतील. विणताना दिसल्या म्हणजे झालं."

ते इरलं वारूळवाडीच्या पप्पू मंडपवाल्यानं केलं होतं. पप्पूला कुणीतरी एक जुना फोटो दिला होता. त्यावरून त्यानं चटई वाकवून आकार काढला होता आणि तिच्यावर सुकी पानं गरम गोंदानं ओळीत चिकटवली होती. दिसायला झकास. त्याची पोरं आली, आमची सहा इरली उचलून मागच्या पडद्याआड खुर्च्यांच्या ढिगावर ठेवून गेली आणि पप्पूचं इरलं समोर खांबाला टांगलं. वर पाटी लागली. अस्सल इरलं : सह्याद्रीतील लोप पावलेली कला.

रत्ना सातवी शिकलेली आहे. तिनं पाटी वाचली आणि सासूला विचारलं, "आत्या, लोप पावली म्हंजी मेली ना?"

झुंबरबाई पाटीकडे बघत नव्हत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "मावशी, उद्घाटनापुरतं. पाहुणे गेले की आपण आपली बाहेर काढू." मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं.

अकराला पाहुणे आले. मागे पंचवीस-तीस माणसं, दोन कॅमेरे, आबा माइक घेऊन पुढे. प्रत्येक जागेपाशी थांबत थांबत ते आमच्यापाशी आले. पाहुण्यांनी खांबावरचं इरलं काढून स्वतःच्या डोक्यावर घेतलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोटो झाले. मग ते खाली वाकून चांगल्या आवाजात म्हणाले, "आजी, फार छान केलंत हो. हे एक करायला किती दिवस लागतात?" आणि आबांच्या हातातला माइक त्यांनी झुंबरबाईंच्या तोंडासमोर धरला.

झुंबरबाईंनी आधी इरल्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "ते मी न्हाई केलं," त्या म्हणाल्या. मैदानभर ऐकू गेलं. "माजी तिकडं मागं टाकल्याती."

आबांनी माइक परत घेतला आणि हसत हसत म्हणाले, "आजींना जरा कमी ऐकू येतं. वयच झालंय. चला साहेब, पुढं कुंभारकाम बघू."

लोक हसले. वाईट हेतूनं नाही, म्हाताऱ्या माणसाच्या घोटाळ्याला हसतात तसे. पाहुण्यांनी झुंबरबाईंच्या खांद्यावर थोपटलं आणि मोठ्यानं, एकेक शब्द तोडून म्हणाले, "काळजी. घ्या. आजी." आणि पुढे गेले.

मी तिथंच होते. माझ्या गळ्यात समितीचं, इरल्याच्या जागेची समन्वयक म्हणून दिलेलं ओळखपत्र होतं. मला एक वाक्य बोलायचं होतं, फक्त एक, आणि मी ते बोलले नाही. आबा माझे चुलते, समोर पाहुणे, कॅमेरे चालू. बघता बघता ते दहा पावलं पुढे गेले, मग वीस.

झुंबरबाईंनी मला जवळ बोलावलं. आवाज चढवला नाही.

"बाई, मला ऐकू येतं का न्हाई?"

"येतं, मावशी."

"तुला ठावं हाय?"

"हो."

"मंग तू का न्हाई बोललीस?"

आठ वर्षं मी पोरांना सांगत आलेय, खरं बोलायला घाबरायचं नाही. त्यातली दोन पोरं रत्नाची आहेत. रत्ना माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. ती पडद्यामागे गेली, इरली एकेक करून खुर्च्यांवरून खाली घेतली आणि दोरीनं बांधायला लागली. "चला आत्या. भात कापायचं सोडून हितं मान घालवाया आलो का?"

"थांब," झुंबरबाई म्हणाल्या. "मी अशी न्हाई जायची."

दुपारी मी आबांना गाठलं. मंडपामागे ते जेवणाची व्यवस्था बघत होते. मी म्हटलं, "आबा, त्यांची माफी मागा."

"कशाबद्दल?"

"त्यांना बहिरं म्हणालात."

"अगं मंग काय म्हणू? पाहुण्यापुढं म्हातारी म्हणती हे माजं न्हाईच. निभावून न्यायला नको? एका प्लॅस्टिकच्या तुकड्यापायी एवढा तमाशा!"

"आबा, तुमच्या टोमॅटोखाली मल्चिंगचा प्लॅस्टिकचा कागद आहे ना? ठिबकच्या नळ्या कशाच्या आहेत? द्राक्षावर काय घालता? आणि बॅनरवर तुम्ही लिहिता, परंपरागत शेतकरी कुटुंब. तुमच्या शेतात प्लॅस्टिक आलं की ते सुधारलेलं, आणि तिच्या इरल्यात आलं की ते खोटं?"

आबांचा चेहरा लाल झाला. वाढपी पोरं थांबून ऐकायला लागली होती. "तू माझी पुतणी हायेस म्हणून ऐकून घेतो," ते म्हणाले. "मॅडम शिकलेल्या बाई हायेत. त्यांनी नियम केला, तो मी मोडू? आन तुला लई पुळका असंल तर तूच आणलीस ना तिला? तूच आधी बघायचं व्हतं." आणि ते वाढप्यांवर ओरडत निघून गेले.

त्या दोघींची उतरायची सोय मी माझ्या मैत्रिणीकडे, अश्विनीकडे केली होती. मी त्यांच्याबरोबर राहिले. रत्ना माझ्याकडे पाठ करून झोपली.

रविवारी सकाळी दहाला आम्ही परत मैदानावर गेलो. पप्पूचं इरलं खांबावरच होतं. समितीचा एक मुलगा, आदेश, कागद घेऊन आला. महोत्सवाची पुस्तिका निघणार होती आणि प्रत्येक कलेची माहिती भरून खाली सही हवी होती. त्यानं मजकूर आधीच छापून आणला होता. मी वाचला. वस्तू, इरलं. निर्मिती, झुंबरबाई. साहित्य, बांबू व पाने. शेजारी फोटो होता पाहुण्यांचा, डोक्यावर पप्पूचं इरलं.

"हर्षाली मॅडम, समन्वयक म्हणून तुमची सही, आणि आजींचा अंगठा," आदेश म्हणाला.

"त्या सही करतात," मी म्हटलं. "पण यावर करणार नाहीत. मीही नाही."

झुंबरबाईंनी रत्नाकडून कागद वाचून घेतला. दोनदा. मग उठल्या, पदर खोचला आणि समोर दिवे काढत असलेल्या पप्पूला हाक मारली. "ए बाबा, हे तूच केलंस ना?"

पप्पू बिचारा सरळ माणूस. "व्हय मावशी. फोटो बघून केलं."

"चांगलं केलंस. आता ते डोक्यावर घे आन खाली वाक. भात लावतोस आसं वाक."

पप्पूला वाटलं, फोटोबिटो असेल. त्यानं हसत इरलं घेतलं आणि वाकला. पिण्याच्या पाण्याचे जार तिथंच ओळीनं ठेवले होते. झुंबरबाईंनी रत्नाला खूण केली. रत्नानं वीस लिटरचा जार उचलला, झाकण काढलं आणि अख्खा जार सावकाश त्या इरल्यावर ओतला.

पाणी चटईतून गाळणीतून पडावं तसं खाली आलं. पप्पूचा शर्ट पाठीला चिकटला. गोंद सुटला, पानं घसरून त्याच्या कानांवर लोंबायला लागली. "आयला, मावशी!" तो ओरडला आणि उड्या मारायला लागला. लोक धावत आले. पाच मिनिटांत आमच्याभोवती शंभर-दीडशे माणसं जमली असतील.

झुंबरबाईंनी मागून आपलं एक इरलं ओढून आणलं. चढवलं, आणि वाकल्या. नुसत्या वाकल्या नाहीत, दोन्ही हातांनी रोपं लावत जावं तशा त्या मैदानाच्या मातीत एकेक पाऊल मागे सरकत राहिल्या. "वत," त्या म्हणाल्या. रत्नानं दुसरा जार ओतला. नंतर तिसरा. पाणी दोन्ही बाजूंनी ओघळून जमिनीवर पडत होतं. मग झुंबरबाई ताठ उभ्या राहिल्या, इरलं काढलं आणि गर्दीकडे पाठ फिरवली.

"हात लावून बघा."

गर्दीतून एक बाई पुढे आली, लंकाबाई म्हणून, आपटाळ्याकडची. तिनं झुंबरबाईंच्या पाठीवरून हात फिरवला. "कोरडीठाक हाय," ती म्हणाली, आणि लगेच, "मला एक द्याल का?"

तोवर वृषाली मॅडम आल्या होत्या. पाण्यानं सगळीकडे चिखल झाला होता. "हे काय चाललंय? हे प्रदर्शन आहे आजी, पावसाळा नाही."

"तेच सांगती बाई मी," झुंबरबाई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज चढला होता. "पाऊस नसंल तवा समदीच इरली चांगली. तुमी म्हनता, आमच्या आज्यानं केलं तसं कर. माजा आजा तापानं मेला, सारखा भिजून. त्याला कागद गावला आसता तर त्यानं घातला नसता का? तुमी घरी कशावर सैपाक करता? चुलीवर करता? मंग आमीच का गळक्या इरल्यात मरायचं, तुमाला बघाया बरं वाटावं म्हनून?"

कुणी टाळी वाजवली नाही. वृषाली मॅडमनी पप्पूच्या ओल्या शर्टाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "तुमचा मुद्दा मला समजतो. पण नियम मी एकटीनं बदलू शकत नाही." आणि आदेशला म्हणाल्या, "ही जागा बंद करा. घसरून कुणी पडेल."

दोन पोरांनी येऊन आमच्या जागेभोवती दोरी बांधली. मंचावरून निवेदकानं लेझीम पथकाची घोषणा केली. गर्दी पांगायला लागली. आबा लांब मंचाच्या पायरीपाशी उभे होते, आमच्याकडे पाठ करून.

त्या वेळी मला जे वाटलं, त्याला राग म्हणावं की लाज, मला अजून ठरवता येत नाही. मी सरळ मंचावर चढले. निवेदक ओळखीचा होता, त्याला वाटलं समितीचीच काही सूचना असेल, त्यानं माइक दिला.

मी म्हटलं, "काल उद्घाटनाला पाहुण्यांनी जे इरलं घातलं, ते झुंबरबाईंनी केलेलं नाही. ते सजावटीचं होतं. त्यांनी केलेली सहा इरली समितीनं पडद्यामागे टाकली. झुंबरबाई बहिऱ्या नाहीत. त्यांनी काल खरं सांगितलं. मी त्या वेळी तिथं उभी होते, आणि मी..."

माइक बंद झाला. आबांनीच वायर ओढायला लावली होती. पुढचं वाक्य माझ्या बोलण्यातलं सगळ्यात महत्त्वाचं होतं, म्हणून मी ते तसंच, उघड्या तोंडानं ओरडून पूर्ण केलं. "आणि मी गप्प बसले!" पहिल्या दोन-तीन ओळींतल्या लोकांना ऐकू गेलं असेल. मी गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं आणि खाली उतरले.

आबा माझ्याजवळून गेले. "राजुरीला यायचं न्हाई," एवढंच म्हणाले. दिवाळीला मी गेले नाही. भाऊबीजेला चुलतभाऊ सार्थक घोडेगावला येऊन मला भेटून गेला, गुपचूप, डब्यात चकल्या घेऊन. आबा अजूनही माझ्याशी बोलत नाहीत.

परतीला जीपमध्ये झुंबरबाई माझ्या शेजारी बसल्या. घोडेगाव मागे पडल्यावर म्हणाल्या, "काल बोलली आसतीस तर एका वाक्यात भागलं आसतं. आज लई वरडावं लागलं तुला." मी हो म्हटलं. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला नाही, किंवा समजूत घातली नाही. पण घरी पोचल्यावर चिमाजींना सांगताना त्यांनी माझं मंचावरचं बोलणंही सांगितलं, आणि ते जसंच्या तसं सांगितलं, शेवटच्या वाक्यासकट. दुसऱ्या दिवशी त्यांनी भाताला कोयता लावला. संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी पेंढ्या वाहायला गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी हाकललंही नाही.

जानेवारीत पुस्तिका निघाली. अश्विनीनं मला एक प्रत पाठवली. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो. एकोणिसाव्या पानावर पाहुणे, पप्पूचं इरलं, आणि खाली तोच मजकूर. निर्मिती, झुंबरबाई. वर एक नवं वाक्य होतं, ही कला आता पूर्णपणे लोप पावली आहे. सही कुणी केली, देव जाणे.

मी पुस्तिका घेऊन त्यांच्या ओट्यावर गेले. रत्नानं वाचून दाखवलं. झुंबरबाईंनी फोटो निरखून बघितला आणि त्यांच्या कपाळाची शीर उठली. "उद्या कुणी हे घालून भिजलं तर शिव्या कुणाला देनार? नाव कुणाचं हाय?"

"तुमचं."

"मंग काढ ते नाव. लिही अर्ज."

मी लिहिला. त्यांनी खाली सही केली, मोठ्या सुट्या अक्षरांत, सहीला पाच मिनिटं लागली. मजकूर त्यांनीच सांगितला होता. सदर वस्तू माझी नाही, ती गळते, माझे नाव काढून टाकावे. समितीकडून उत्तर आलं नाही. महिन्यानं दुसरा अर्ज केला, मग तिसरा. चौथ्या अर्जाला आम्ही दोघी स्वतः जुन्नरला गेलो. कार्यालयातला कारकून म्हणाला, पुस्तिका छापून झाली, आता काय करणार. झुंबरबाई त्याच्या समोरच्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मला घाई न्हाई. भात घरात आलंय." दुपारी तीनपर्यंत त्या तिथंच बसल्या. शेवटी कारकुनानं कुणाला तरी फोन केला.

मे महिन्यात उरलेल्या प्रतींवर एक पांढरी पट्टी चिकटवली गेली. फोटो तोच आहे. लोप पावल्याचं वाक्य तेच आहे. फक्त निर्मितीपुढे पट्टीवर आता छापलंय, अज्ञात कारागीर.

ते वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चार महिने झगडून हाती काय आलं, तर अज्ञात! मी झुंबरबाईंना म्हटलं, आपण पुन्हा जाऊ, तुमच्या खऱ्या इरल्याचा फोटो लावायला लावू, खाली तुमचं दोघांचं नाव, चिमाजींचंसुद्धा. यांना सोडायचं नाही.

झुंबरबाई कामट्या भिजत घालत होत्या. लावणीच्या आधी चौदा इरली द्यायची होती, त्यातलं एक आपटाळ्याला जायचं होतं.

"तू जा," त्या म्हणाल्या. "तुला जायाला पायजेच. मला काम हाय."

जून लागल्यावर मी पाचवा अर्ज केला. यावेळी खाली सही माझी एकटीची आहे.